निरोपाची कोरी चौकट

हरेश्वर चुरींच्या लेखी जगातल्या वस्तू तीनच प्रकारच्या होत्या: माझ्या, तुझ्या आणि सामाईक. पहिल्या दोन प्रकारांबद्दल ते फारसं बोलत नसत. सामाईक म्हटलं की मात्र त्यांचा आवाज देवापुढे बसल्यासारखा खाली यायचा. बोळिंजहून आगाशीकडे जाताना रस्त्याला लागून त्यांची वाडी. पानवेली, मोगरा आणि राजेळी केळी. शेजारची वाडी व्हॅलेरियन तुस्कानोची. दोन्ही वाड्यांच्या बरोबर हद्दीवर एक बावखल, म्हणजे शिंपणासाठी कुणा आजोबा-पणजोबांनी खोदून ठेवलेलं गोड्या पाण्याचं तळं. अर्धं चुरींचं, अर्धं तुस्कानोंचं, असं कागदावर. पाण्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

बावखलाच्या काठी एक खोपी होती आणि तिच्यात दोन्ही घरांच्या सामाईक वस्तू राहायच्या. डिझेलचं इंजिन, माडाला लावायची शिडी, फवारणीचा पंप, लग्नकार्याचं मोठं पातेलं. नियम हरेश्वरभाऊंच्या वडिलांपासूनचा: सामाईक वस्तू कुणाच्याही हद्दीत न्यायची नाही. वापरायची, धुवायची, जागच्या जागी ठेवायची. एकदा पावसात छप्पर गळू लागलं म्हणून त्यांच्या पत्नीने, प्रेमलताबाईंनी, ते पातेलं घरात आणून गळतीखाली ठेवलं, तर या गृहस्थाने ते भरल्या पाण्यासकट परत खोपीत पोहोचवायला लावलं. प्रेमलताबाई ही गोष्ट पुढची वीस वर्षं आल्यागेल्याला सांगत होत्या आणि हरेश्वरभाऊंना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कधी कळलं नाही.

व्हॅलेरियनला मात्र कळायचं. तो हसायचा आणि नियम पाळायचा. दोघं एकाच वयाचे, एकाच पायरीवरून बावखलात उड्या मारून पोहायला शिकलेले. हा त्याला वालू म्हणायचा, तो याला हऱ्या. दिवाळीचं ताट तिकडे जायचं, नाताळचं इकडे यायचं. संध्याकाळी शिंपण आटोपलं की दोघं पायरीवर बसून पाण्यात पाय सोडायचे आणि बोलायचे काय, तर बहुतेक वेळा काहीच नाही.

मग नव्व्याण्णव साल आलं. आजूबाजूला इमारती उभ्या राहत होत्याच. व्हॅलेरियनचा मुलगा कॅनडात स्थिरावला होता, बायको वारली होती, गुडघे कुरकुरत होते. त्याने वाडी विकली. इथवर हरेश्वरभाऊंनी गिळलं. पण एका सकाळी मुरुमाचे डंपर आले आणि घेणाऱ्याच्या माणसांनी बावखलाचा तुस्कानोंकडचा भाग भरायला सुरुवात केली. हरेश्वरभाऊ मोगऱ्यातून धावत आले. व्हॅलेरियन तिथे उभाच होता. चार मजूर, डंपरवाला आणि जमीन घेणारा माणूस यांच्यादेखत हरेश्वरभाऊ त्याला म्हणाले, "अर्धं पाणी तुझं ना? मग ते आधी बादलीने उपसून ने कॅनडाला, आणि मग माती टाक. बापजाद्यांनी खणलेलं बुजवायला निघालास, लाज नाही वाटत?"

डोक्यावरची टोपी काढून व्हॅलेरियनने हातात धरली, थोडा वेळ पाण्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला. महिन्याभराने त्याची जीप विमानतळाकडे निघाली तेव्हा हरेश्वरभाऊ रस्त्यापासून वीस पावलांवर केळींमध्ये उभे होते. जीप त्यांच्या बांधापाशी जरा थांबली. ते बाहेर आले नाहीत. जीप गेली. त्या वीस पावलांचा त्यांना पुढे इतका पश्चात्ताप झाला की त्या बाजूच्या केळी त्यांनी काढून टाकल्या.

पत्र लिहायचं तर कसं लिहायचं? त्यांनी चार वेळा आंतरदेशीय आणलं, आणि ते परदेशात चालत नाही हे पोस्टमास्तरांनी सांगितल्यावर दुसरं पाकीट आणलं. "प्रिय वालू" एवढं लिहून व्हायचं. पुढे हात चालेना.

त्याच सुमाराला त्यांचा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि जाताना आपला जुना कॉम्प्युटर घरी ठेवून गेला. हरेश्वरभाऊंनी तो महिनाभर पुसला. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी विरारमध्ये वेबसाईट बनवायच्या क्लासला नाव घातलं. कॉलेजची पोरं मागच्या बाकांवर, हे पहिल्या बाकावर, खिशात दोन पेनं. प्रेमलताबाई म्हणाल्या, "मुंजीचं वय झालंच आहे म्हणा." पण हरेश्वरभाऊंच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. पत्र पाठवलं की ते दुसऱ्याच्या दारात जाऊन पडतं. त्याला नको असलं तरी पडतं. वेबसाईट आपल्या जागी असते. ज्याला यावंसं वाटेल तो येईल. त्यांच्यासारख्या माणसाला माफी मागायला अशीच जागा हवी होती.

क्लासमध्ये एक दिवस सर म्हणाले, "जो जावास्क्रिप्टचा कोड सगळ्या पानांना लागतो, तो प्रत्येक पानात लिहू नका. एक सामाईक फाईल करा आणि पानातून फक्त तिचा पत्ता द्या. पान उघडलं की ते स्वतःच फाईल बोलावून घेईल." हरेश्वरभाऊंचा चेहरा उजळला. ही भाषा त्यांना जन्मापासून येत होती.

त्यांनी वाडीची वेबसाईट केली. पहिल्या पानावर मोगऱ्याचा फोटो आणि नाव. दुसरं पान बावखलाचं. तिथे उरलेल्या अर्ध्या पाण्याचा मोठा फोटो, भरावाकडे पाठ करून काढलेला, म्हणजे मुरुम दिसू नये. फोटोखाली मथळा, 'निरोप', आणि त्याखाली एक चौकट. चौकटीत काय दिसायचं ते सगळं त्या सामाईक फाईलमध्ये होतं: आधी हरेश्वरभाऊंचा स्वतःचा निरोप, आणि त्याखाली दुसऱ्याला लिहायची जागा आणि पाठवायचं बटण. मराठी अक्षरं परक्या कॉम्प्युटरवर दिसतील याचा भरवसा नव्हता, म्हणून निरोप इंग्रजी लिपीत लिहिला होता, पण शब्द मराठीच: "वालू, त्या दिवशी मी चारचौघांत जे बोललो ते चुकीचं होतं. तू निघालास तेव्हा मी केळीत उभा होतो. यायला हवं होतं. हऱ्या."

तीन ओळी. त्या लिहायला पाऊसभर लागला.

सप्टेंबर २००१मध्ये ते फ्लॉपी घेऊन बोळिंजच्या सायबर कॅफेत गेले. कॅफे सुरुची पाध्येचा. ती आधी अंधेरीला प्रोग्रामर होती, मुलगी झाल्यावर रोजचं जाणं-येणं सोडून इमारतीखालच्या गाळ्यात तिने सहा कॉम्प्युटर मांडले होते आणि भाड्याच्या सर्व्हरवर लोकांच्या वेबसाईटी चढवून द्यायची. तिने फाईली चढवल्या, पहिलं पान उघडून दाखवलं. मोगरा दिसला. हरेश्वरभाऊ खूश होऊन घरी आले. घरी इंटरनेट नव्हतं. घरच्या डिस्कवरून ते पान रोज उघडायचे, तिथे निरोप अगदी जागच्या जागी असायचा. नाताळात व्हॅलेरियनची बहीण मटिल्डाबाय भावाला पत्र लिहायची. तिच्या पाकिटात वेबसाईटच्या पत्त्याची चिठ्ठी घालायला सांगून ते वाट पाहू लागले.

वाट पाहणं हे काही दिसणारं काम नाही, पण हरेश्वरभाऊंनी ते शिंपणाइतक्या नेमाने केलं. दर सोमवारी कॅफेत जायचं, सुरुचीला विचारायचं, "काही आलं का?" ती मेल उघडायची आणि म्हणायची, "नाही ओ काका." जानेवारी गेला, मे गेला. बावखलाचं उरलेलं अर्धं पाणीही त्या मे महिन्यात गेलं. झरे भरावाखाली दबले होते बहुधा; पाऊस पडला तरी दोन महिन्यांच्या वर पाणी टिकेना. तळाशी गवत उगवलं आणि शिंपण बोअरवेलवर गेलं. वेबसाईटवरचा फोटो बदलायचं त्यांच्या मनात आलं नाही, किंवा आलं तरी त्यांनी ते येऊ दिलं नाही. वालू रागावलाय, आणि रागवायचा त्याला हक्क आहे, असं ते स्वतःला समजावायचे. समजून मात्र घ्यायचे नाहीत. संध्याकाळी कोरड्या पायरीवर जाऊन बसायचे, एका बाजूला सरकून, शेजारी जागा ठेवून.

मार्च २००३. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झालेला. आगाशीच्या बाजारात मटिल्डाबाय भेटली. बराच वेळ घुटमळून ती म्हणाली, "हरीभाऊ, एक विचारू? वालूचा फोन होता. तो म्हणाला, हऱ्याने वेबसाईट केलीय, तिथे 'निरोप' लिहिलंय मोठ्या अक्षरांत, आणि खाली चौकट कोरी ठेवलीय. मला पत्ता पाठवून बोलावलं आणि कोरी चौकट दाखवली, असं का केलं त्याने?"

हरेश्वरभाऊंच्या हातातली पिशवी खाली गेली. "कोरी? अगं, मी लिहिलंय तिथे. रोज बघतो मी."

"मला काय कळतं त्यातलं. तो म्हणाला कोरी."

ते तडक कॅफेत गेले. सुरुचीने बावखलाचं पान उघडलं. फोटो आला, 'निरोप' आला, आणि खाली रिकामी चौकट. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात एक इवलासा पिवळा त्रिकोण.

"हा काय आहे?"

"एरर आहे काका. पानाला काहीतरी सापडत नाहीये. पण असे त्रिकोण हल्ली प्रत्येक पेजवर असतात, कोणी बघत नाही." बोलता बोलता ती ओशाळली, कारण ही चौकट दीड वर्षापूर्वी तिनेही पाहिली नव्हती. तिने त्रिकोणावर दोनदा क्लिक केलं. कुठल्या ओळीवर गाडी अडली ते कळलं. ती ओळ तिने तीनदा वाचली, ओळीत दोष नव्हता. साठवलेली जुनी पानं पुसून पाहिली. हरेश्वरभाऊंच्या फ्लॉपीवरून पुन्हा चढवून पाहिलं. थेट फ्लॉपीवरूनच पान उघडलं. तरीही चौकट कोरी.

"माझ्या घरी चालतं," हरेश्वरभाऊ म्हणाले.

"सगळे हेच म्हणतात ओ."

"घरी चालतं!" आवाज इतका चढला की बाकीच्या पाच कॉम्प्युटरांवरच्या माना वळल्या. मग ते उठले आणि गेले. तासाभराने रिक्षा आली. तिच्यात हरेश्वरभाऊ आणि त्यांच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला सीपीयू. निघताना प्रेमलताबाईंनी विचारलं होतं, "सासरी पाठवताय की माहेरी?" पण नवऱ्याचा चेहरा पाहून पुढचं वाक्य गिळलं होतं.

सुरुचीने तारा जोडल्या. पान उघडलं. चौकटीत निरोप होता, तिन्ही ओळी. तिने त्या वाचल्या. मागे वळून पाहिलं नाही, पण यानंतर ती "चालतं का नाही ते बघू" असं म्हणण्याऐवजी "शोधूया" म्हणाली.

आणि शोधायला फार वेळ लागला नाही. तिने पानाचा आतला मजकूर उघडला, फाईलचा पत्ता वाचला. "काका, पान म्हणतंय, माझ्या फोल्डरच्या बाहेर जा, तिथे 'सामाईक' नावाचं फोल्डर आहे, त्यातून फाईल आण. हे 'सामाईक' तुम्ही मला कधी दिलंत?"

"नाही दिलं. वाडीचं फोल्डर दिलं."

"मग हे?"

"ते वाडीच्या बाहेर ठेवलंय. सामाईक आहे ना. वाडीत कसं ठेवणार?"

सुरुचीने कपाळाला हात लावला. घरी वाडीचं फोल्डर आणि सामाईक फोल्डर एकाच डिस्कवर शेजारी-शेजारी होते, म्हणून पान बाहेर जाऊन फाईल घेऊन यायचं. सर्व्हरवर वाडी एकटीच गेली होती. जगात कुठेही पान उघडलं की ते बिचारं शेजारच्या खोपीत डोकवायचं आणि तिथे खोपीच नसायची. हरेश्वरभाऊंना हे पहिल्या वाक्यात कळलं. सगळ्या तालुक्यात ही चूक करू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो आपण आहोत, हेही कळलं.

"फोल्डर आत घेऊ?" तिने विचारलं.

"आत घेतलं तर मग ते सामाईक कसलं?" ते अजून अडत होते.

"काका, फाईल ज्याला हवी त्याला मिळाली म्हणजे सामाईक. आत्ता ती फक्त तुम्हाला मिळतेय."

हरेश्वरभाऊंनी मान हलवली. तिने फोल्डर वाडीच्या आत घेतलं, पत्ता बदलला, फाईली चढवल्या. कॅफेच्या पडद्यावर निरोप उमटला. मग एकदा खात्री करावी म्हणून तिने सर्व्हरची नोंद उघडली. कोणी, कधी, कुठलं पान मागितलं आणि ते मिळालं की नाही, हे सर्व्हर ओळीओळीने लिहून ठेवतो. ती नोंद तिनेही फारशी कधी उघडली नव्हती. न सापडलेल्या फाईलसमोर ४०४ असा आकडा पडतो. तिने फक्त तेवढ्याच ओळी काढल्या आणि ती थबकली.

"काका, इकडे या. हे बघा. पत्त्याच्या शेवटी कॅनडाची खूण आहे. तुमची ती फाईल मागितली, मिळाली नाही. सहा जानेवारी, रविवार." तिने बोट खाली सरकवलं. "तेरा जानेवारी. वीस. सत्तावीस. सगळे रविवार. तिथली सकाळी साडेअकराची वेळ."

चर्च सुटून घरी यायची वेळ, हरेश्वरभाऊंना वाटलं. त्यांनी खुर्ची ओढली. ओळी संपत नव्हत्या. फेब्रुवारी, मार्च, पावसाळा, गणपती, दिवाळी, पुन्हा नाताळ. मधले दोन रविवार चुकले होते. आजारी असेल, बर्फ पडला असेल. बाकी एकसष्ट. एकसष्ट वेळा तो दारात आला होता, आत निरोप आहे का ते पाहून रिकाम्या हाती परत गेला होता, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आला होता. पंधरा महिने हरेश्वरभाऊ ज्याला रुसलेला समजत होते, तो नेमाने येत होता. त्यांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही; खिशात रुमाल नव्हता म्हणून गोधडीच्या टोकाला डोळे पुसले. सुरुची उगाचच पाणी आणायला उठली.

पुढच्या सोमवारी नेहमीची मेल उघडायच्या आधी त्यांनी नोंद उघडायला लावली. रविवार, साडेअकरा. पान मागितलं. फाईल मागितली. मिळाली. त्याच्याखाली पुन्हा तेच पान, आणि पुन्हा. दुपारी दोनपर्यंत तेच पान अकरा वेळा उघडलेलं. मेल मात्र नव्हती. "लिहिलं नाही काही त्यांनी," सुरुची हळहळली. हरेश्वरभाऊ म्हणाले, "त्याला वेळ लागतो," आणि त्या आठवड्यात त्यांनी मोगऱ्याला दोनदा खत घातलं.

त्यानंतरच्या सोमवारी मेल होती. सुरुचीने ती उघडली आणि न वाचता खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"हऱ्या, तुझं वाचलं. कोरी चौकट बघून मला आधी वाईट वाटलं, मग वाटलं, लिहायला बसत असेल आणि लिहवत नसेल. म्हणून दर रविवारी बघून यायचो. इथे दुसरं काही बघायला नाही. फोटोतलं पाणी बघत बसायचो. तू बोललास ते खरंच होतं, माझ्या बाजूचं मी घालवलं. तुझ्या बाजूचं तू राखलंस, तेवढ्यावर इथे दिवस काढतो. तिकीट काढलंय, मे महिन्यात येतो. गुडघे गेले तरी एक उडी मारणार. पाणी आहे ना तेवढं, फोटोत आहे तेवढं? वालू."

हरेश्वरभाऊंनी ते दोनदा वाचलं. फोटो दोन वर्षांपूर्वीचा होता. कालच त्यांनी बावखलाच्या तळात उतरून गवत कापलं होतं, गुरांसाठी.

"काका, रिप्लाय करायचा? मी टाईप करते, तुम्ही सांगा," सुरुची म्हणाली. ती आनंदात होती.

"मीच करतो."

एका बोटाने त्यांनी लिहिलं, "हो, आहे." बराच वेळ त्याकडे पाहिलं आणि एकेक अक्षर खोडलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर कुणीतरी परीक्षेचा निकाल बघत होतं, तिकडे आरडाओरडा झाला. त्यांचं लक्ष नव्हतं. मग पुन्हा लिहिलं, आणि या वेळी बोट थांबलं नाही.

"वालू, पाणी नाही रे. गेल्या मे महिन्यातच संपलं. फोटो जुना आहे. तू ये. पायरी आहे."

बटण त्यांनी स्वतःच दाबलं.